दातांची खूण

महाराज गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण माझी ती गोष्ट अजून एकाच ठिकाणी अडते. मी सांगत असतो, ऐकणारे माना डोलवत असतात, आणि कन्हान नदीच्या काठावर मी डोळे उघडले इथपर्यंत आलो की माझा आवाज थांबतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याचा कंठ दाटला. कंठबिंठ काही दाटत नाही. मी वाट पाहत असतो. त्या जागी अकरा वर्षं एक प्रश्न यायचा. विचारणारा माणूस मठाच्या अंगणात जमिनीखाली मांडी घालून बसला आहे, तरी प्रश्न येतोच.

माझा धंदा आधी सांगतो, म्हणजे माझ्या शब्दाची किंमत कळेल. मी नागपुरात कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहीत असे. शेताचा बांध सरकला, भावानं विहिरीला कुलूप लावलं, अशी दुःखं लोक माझ्याजवळ आणून ओतत आणि मी ती सरकारला समजेल अशा भाषेत मांडून खाली ठरलेली ओळ लिहीत असे, की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे. दिवसाला दहा-बारा वेळा मी ती ओळ लिहीत होतो. इतक्या वेळा लिहिलेल्या ओळीचा अर्थ मनात शिरत नाही, हे माझ्या बचावात नमूद करून ठेवतो.

महाराजांचा मठ इतवारीत, धान्याच्या बाजाराच्या मागच्या गल्लीत. मठ म्हणजे काय, दोन खोल्या, एक पडवी, आणि बैलगाड्यांच्या रांगेतून वाट काढत पोचावं लागणारं अंगण. महाराज अंगानं बारीक, रंगानं काळे. कोणी पाया पडायला वाकलं की ते स्वतःच खाली बसून जात, त्यामुळे पाया पडणाऱ्याची फजिती होई. प्रवचन फारसं करत नसत. भंडारा असला की अंगणात विळी घेऊन बसत आणि कोहळी कापत. ओळखत नसलेला माणूस त्यांनाच विचारी की महाराज कुठे आहेत, आणि ते विळीवरून न उठता आत बोट दाखवत. आत मी बसलेला असे. हा प्रकार बऱ्याचदा झाला आणि मला तो आवडतही होता, हे कबूल केलेलं बरं.

आता ती गोष्ट. आधी मी ती जशी सांगत असे तशी सांगतो.

जर्मनच्या लढाईच्या आदल्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, मी कन्हानपलीकडच्या एका गावाला कामासाठी गेलो होतो. परत येताना नदी भरलेली. मी डोंग्यात बसलो, मध्यधारेत डोंगा उलटला. मला पोहता येत नाही. नाकातोंडात पाणी गेलं, मी महाराजांचा धावा केला, तेवढ्यात एका हातानं माझी मानगूट धरली. मला वाटलं मगर आहे, म्हणून मी त्या हाताचा कडकडून चावा घेतला. तरी हातानं सोडलं नाही. मी काठावर डोळे उघडले तेव्हा जवळपास कोणीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मठात येऊन पाहतो तर महाराजांच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं, आणि फडक्यावर रक्त.

इथे ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येई. माझ्याही येई. पाणी खरं होतं.

आता जे घडलं ते सांगतो. फरक फार नाही. पूल होता, कोसभर खाली, पण चालायचा कंटाळा म्हणून मी डोंगेवाल्याच्या मागे लागलो. तो नको म्हणत होता, पाण्याला ओढ आहे म्हणाला. मी त्याला सरकारी कचेरीतला माणूस असल्यासारखा दम दिला. डोंग्यात आम्ही दोघंच. मध्यधारेत माझी छत्री पाण्यात पडली आणि ती धरायला मी उभा राहिलो. लांब, अरुंद, झाडाचं खोड कोरून केलेल्या डोंग्यात उभं राहू नये हे माझ्याखेरीज सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. पुढचं गोष्टीतल्यासारखंच, मगर आणि चावा धरून. धावा मात्र मी महाराजांचा केला की छत्रीचा, हे आता नक्की सांगता येत नाही.

आणि मी काठावर डोळे उघडले तेव्हा तिथे माणूस होता. डोंगेवाला. माझ्याच वयाचा, तिशीतला, ओल्या धोतराची चिंधी फाडून उजव्या हाताला गुंडाळत बसलेला. बोटांमधून रक्त गळत होतं. तो म्हणाला, "दात गजब मजबूत हायेत जी तुमचे." मी त्याला विचारलं, माझी छत्री कुठे आहे. तो हसला. मी तसाच ओल्या कपड्यांनी उठलो आणि चालता झालो. त्याचं नाव विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मठात गेलो आणि महाराजांच्या हाताचं फडकं पाहिलं. त्या क्षणी मी खोटं बोललो असं मला अजूनही म्हणवत नाही. रात्रभर अंगात पाणी घुमत होतं, मरणाच्या दारातून परत आलो होतो, आणि समोर तोच उजवा हात, तसंच फडकं. मी ओरडलो की हा हात मी चावला आहे. भंडाऱ्याची गर्दी होती. माणसं गोळा झाली. महाराज म्हणाले, "अरे, काल कोहळं कापून राहिलो होतो, विळी लागली." लोकांनी एकमेकांकडे पाहून हात जोडले. सत्पुरुष असंच लपवतात. महाराज जितकं विळी विळी म्हणत तितका लोकांचा विश्वास वाढत गेला. मग गर्दीतून कोणीतरी मला विचारलं की काठावर डोळे उघडले तेव्हा कोण होतं.

मी म्हणालो, कोणी नव्हतं.

एवढंच. एका ओळीचं खोटं. बाकी सगळं घडलेलं होतं. माझ्या धंद्यातला अनुभव असा की अर्ज फेटाळला जातो तो अशाच एका ओळीपायी.

त्या दिवसापासून मठात माझी जागा महाराजांच्या डाव्या हाताला पक्की झाली. प्रसाद मला पहिला. परगावची माणसं आली की मला बोलावून गोष्ट ऐकवली जाई. दरवर्षी गुरुपौर्णिमेला तर ती व्हायचीच. गोष्ट वाढत गेली. नदीचं पात्र रुंद झालं. मगर आधी भास होती, पुढे खरीच आली. महाराजांच्या हातावर बत्तीस दातांची खूण उमटल्याचं मी चौथ्या वर्षी सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडात अठ्ठावीसच होते.

महाराज सगळं ऐकत. आणि मी डोळे उघडले या जागी आलो की खाली बघूनच विचारत, "आन् त्या डोंगेवाल्याचं काय झालं गा?"

पहिल्या वर्षी मी म्हणालो, वाहून गेला असेल, महाराज. पाण्यातून मला ओढून काढणाऱ्या धडधाकट माणसाला मी अंगणात बसल्या बसल्या बुडवून टाकलं, आणि माझा आवाजही कापला नाही. पुढच्या वर्षापासून म्हणू लागलो, काही कळलं नाही. ते मान हलवत आणि कोहळ्याची पुढची फोड विळीवर धरत. लोकांना वाटे, महाराजांची भक्तांची गंमत करायची ही रीत आहे, स्वतःच डोंगेवाला होऊन स्वतःचीच चौकशी करतात. मलाही तसंच वाटू लागलं होतं. अकरा वर्षं तोच प्रश्न, त्याच आवाजात. एकदाही रागानं नाही.

महाराज आश्विनात गेले. पोळ्याच्या सुमारासच अंथरूण धरलं होतं. शेवटच्या दिवसांत बोलणं कमी झालं आणि मी उशाशी बसून पंख्यानं वारा घालत असे. एकदा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. ओठ हलले. मला वाटलं तोच प्रश्न येणार, म्हणून मी घाईघाईनं पाणी आणायला उठलो. परत आलो तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते. पुढे ते उघडले असतील, पण माझ्याकडे पाहायला नाही. तो पाण्याचा पेला घेऊन मी किती वेळ दारात उभा होतो ते सांगता येणार नाही.

त्या दिवशी इतवारीतली धान्याची दुकानं कोणी सांगितल्याशिवाय बंद झाली. पोती वाहणारे हमाल मठाच्या गल्लीत खाली माना घालून उभे होते, गाड्यांचे बैल सोडून दिलेले. संन्याशाला अग्नी देत नाहीत, म्हणून अंगणातच खड्डा खणला आणि महाराजांना मांडी घालून बसवलं. भोवती मीठ आणि कापूर भरायचा असतो. पहिला भक्त मी, तेव्हा मिठाचं पोतं मीच उचलणार असा हट्ट मी धरला, दोन पावलांत अडखळलो आणि अर्धं पोतं मठाची पोथी लिहिणाऱ्या मास्तरांच्या डोक्यावर रिकामं केलं. मास्तर मिठानं पांढरेफटक. कोणी हसलं नाही. महाराज असते तर हसले असते, हे सगळ्यांच्या मनात एकदमच आलं असावं, कारण तेव्हा कुठे लोकांना रडू फुटलं. मी खाली वाकून मीठ गोळा करत होतो. हाताला नखाजवळ जरा कापलं होतं, तिथे मीठ झोंबलं, आणि मला उगीचच दुसऱ्या कोणाचा तरी हात आठवला.

पाचव्या दिवशी मास्तर घरी आले. शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ, ओवीबद्ध लिहीत. सोळाव्या दिवशी षोडशी. त्या दिवशी प्रत्येक भक्तानं आपापला अनुभव सगळ्यांसमोर सांगायचा, मास्तर तो वहीत उतरवून घेणार आणि त्यातून पोथी तयार होणार, ही मठाची पद्धत. मास्तरांनी सांगितलं की माझा अनुभव पोथीचा पहिला अध्याय होणार. शिवाय समाधीच्या मागच्या भिंतीवर त्याचं चित्र काढायचं ठरलं होतं. नदी, बुडणारा मी, आणि पाण्यातून वर आलेला महाराजांचा हात. रंगाऱ्याला काही गोष्टी विचारायच्या होत्या, म्हणून मास्तर कागद घेऊन आले होते. काठावर झाडं होती का. डोंगा कुठल्या बाजूला उलटला होता. काठावर आणखी काय काय दाखवायचं.

मी सांगू लागलो. डोळे उघडले इथपर्यंत आलो आणि थांबलो. मास्तर लेखणी धरून बसले होते. खोलीत दोघंच. भर दुपार, बाहेर बोहारीण ओरडत होती, आणि त्या सगळ्यात मला महाराजांचा आवाज आला. लांबून नाही. डाव्या बाजूनं, जिथून येत असे तिथून. आन् त्या डोंगेवाल्याचं काय झालं गा?

"काही कळलं नाही," मी म्हणालो.

मास्तरांनी मान वर करून विचारलं, कशाचं?

तेव्हापासून तो आवाज घरात राहायला आला. ताटावर बसलो की यायचा. नळावर तोंड धुताना यायचा. डोळे मिटून ओंजळ तोंडाला लावली की पाण्याच्या आत यायचा, आणि मी ओंजळ सोडून द्यायचो. त्याला राग नव्हता, धमकी नव्हती. अकरा वर्षांत उत्तर मिळालं नाही म्हणून पुन्हा विचारतोय, इतका साधा. भुतानं घाबरवलं असतं तर मांत्रिकाकडे गेलो असतो. हे तर आपलंच माणूस आपल्याकडेच चौकशी करत होतं.

आठव्या दिवशी कचेरीसमोर एक शेतकरी बांधाचा अर्ज सांगत होता. मी लिहीत होतो. त्यानं अंगठा उठवला, अर्ज आत गेला. तासाभरानं शिपाई मला बोलवायला आला. आत कारकून माझा अर्ज हातात धरून बसला होता आणि त्याच्याभोवती चार जण जमले होते. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. अर्जदाराचा बांध पूर्वेकडील भोगवटादाराने दोन हात आत सरकवला असून, आणि त्या डोंगेवाल्याचं काय झालं, तरी मेहेरबानांनी मोजणी करवावी. आणि खाली माझ्याच वळणदार अक्षरात, वरील मजकूर माहितीप्रमाणे खरा आहे.

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. नवा अर्ज लिहायला मात्र मी दुसऱ्याला बसवलं.

घरी येऊन बायकोला हे गंमत म्हणून सांगायला गेलो. ती भाजी निवडत होती. हसली नाही. तिनं विचारलं की त्या दिवशी काठावर खरंच कोणी नव्हतं का. बारा वर्षांच्या संसारात हा प्रश्न तिनं कधी विचारला नव्हता. मी म्हणालो, नव्हतं. निवडून झाल्यावर ताट उचलता उचलता म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही घरी आले तेव्हा तुमच्या मानेवर पाच बोटांचे वळ होते जी. म्याच हळद लावली होती. महाराजांचा हात एवढा मोठा नव्हता."

दुसऱ्या दिवशी मी रेल्वेनं कामठीपर्यंत गेलो आणि तिथून पायी कन्हानवर. यावेळी पुलावरून पलीकडे उतरलो आणि काठाकाठानं कोसभर वर गेलो. वाटेत मला दोन भीती होत्या. एक, तो मेला असेल. दुसरी, नसेल. कोणती मोठी ते वाटभर ठरलं नाही. जुन्या घाटाशी डोंगा नव्हता. ज्या खुंट्याला तो बांधत त्या खुंट्याला कोणाची तरी शेळी बांधलेली होती. शेळीजवळच्या बाईला विचारलं की इथला डोंगेवाला कुठे असतो, तर म्हणाली, डोंगा तर कधीचा बंद झाला, पण माणूस तो काय, त्या झोपडीत.

झोपडीवर कोहळ्याचा वेल चढला होता. दारात तो बसून जाळं विणत होता. दोर पायाच्या अंगठ्यात अडकवलेला, डाव्या हातात सुई. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट नव्हतं. उरलेली तीन बोटं ताठ, लाकडासारखी, जाळं नुसतं दाबून धरायला. केस पिकले होते. मी समोर जाऊन उभा राहिलो. त्यानं वर पाहिलं, क्षणभर पाहिलं, मग मागे वळून आत कोणाला तरी सांगितलं, "दातवाले बाबू आले वं. पाणी आण."

त्याची बायको पाणी घेऊन आली आणि मला नीट न्याहाळून आत गेली. मी बसलो. त्यानं हाताचं सगळं सांगितलं, तक्रार म्हणून नाही, पाऊसपाण्यासारखं. चावा सुजला, ताप भरला, हात काळा पडू लागला. पंधरा दिवसांनी इतवारीचे एक बाबाजी विचारत विचारत घाटावर आले. त्यांनीच गाडी जुंपवली, कामठीच्या दवाखान्यात नेलं, आणि बोटं कापली तेव्हा याचं डोकं मांडीवर घेऊन बसले. हात वाचला. वल्हं मात्र पुन्हा धरता आलं नाही. आता उन्हाळ्यात नदीच्या वाळूत डांगरं म्हणजे खरबुजं लावायची, बाकी दिवस जाळी विणायची. बाबाजी त्यानंतर दरवर्षी येत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे नागपुरात मारबतीची मिरवणूक, रोगराईचे पुतळे गावाबाहेर नेऊन जाळायची. इतवारी त्या दिवशी आरडाओरड्यानं दणाणून जाते. महाराज त्या दिवशी मठातून नाहीसे होत आणि आम्ही भक्त सांगत असू की गोंगाट नको म्हणून ते कुठेतरी ध्यानाला बसले आहेत. ध्यानाची जागा कोणती यावर मी स्वतः दोन वेळा पैज लावली होती. ते इथे येत होते. कामठीपर्यंतही गाडीनं नाही, नागपुरापासून पायी. इथे बसून वेलावरचं कोहळं कापून देत, जेवत आणि परत जात.

त्यांना कसं कळलं, हे मी विचारलंच नाही. विचारायची गरज नव्हती. मठात शेकडो माणसांनी माझी गोष्ट ऐकली, पण साधा विचार एकाच माणसानं केला होता. आपला हात तर विळीनं कापला. म्हणजे चावलेला हात दुसऱ्या कोणाचा तरी आहे. मग तो माणूस कुठे आहे?

डोंगेवाल्याला ते महाराज आहेत हे ठाऊकच नव्हतं. माझे कोणी वडीलधारे असतील असं तो समजत होता. एकदा त्यानं त्यांना विचारलं होतं की तुम्हीच त्या बाबूला का सांगत नाही. त्यांनी काय उत्तर दिलं ते त्यानं मला जाळ्यावरची नजर न काढता सांगितलं.

"म्हणे, म्या सांगतलं तर तो माझ्यासाठी येईन. तुझ्यासाठी आला पाहिजे. येईन म्हणे, माणूस वाईट नाही, जरासा हळू हाय." मग त्यानं विचारलं, "औंदा बाबाजी आले नाही. तब्येत बरी नाही काय त्यांची?"

मला सांगावं लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांची दुःखं नीट वाक्यात मांडली, पण ते एक वाक्य मला नीट म्हणता आलं नाही. त्याला मात्र कळलं. त्यानं सुई खाली ठेवली. डोक्याचा दुपट्टा काढला. आत जाऊन बायकोला सांगितलं, आणि दोघं नदीकडे निघाली. घरचं माणूस गेल्याची खबर आली की आंघोळ करायची असते, तशी. तो कमरेइतक्या पाण्यात उतरून बुडी मारून वर आला आणि तसाच उभा राहून रडला. मठात शेकडो लोक रडले होते. मी तर सगळ्यांत मोठ्यानं. पण आमचा महाराज गेला म्हणून आम्ही रडलो, आणि हा माणूस दरवर्षी आपल्या दारात कोहळं कापणारा एक म्हातारा गेला म्हणून रडत होता. महाराजांना जास्त कोण ओळखत होतं, हे मला काठावर कोरड्या धोतरानं उभं राहून दिसत होतं.

त्यानं मला हाक मारली. तुम्हीही आंघोळ करा म्हणाला. मी म्हणालो, मला पाण्याची भीती वाटते. अकरा वर्षांत मी तळ्याच्या पायरीवरसुद्धा बसलो नव्हतो. त्यानं उजवा हात पुढे केला. तीन बोटांचा.

"या जी. धरतो म्या."

मी तो हात धरला. मघापासून त्याकडे पाहायचं टाळत होतो, आता तो माझ्या हातात होता. तळव्याच्या कडेला अर्धगोल खूण होती, मोजता येईल अशी. मी मोजली नाही. बुडी मारली तेव्हा पाण्याखाली सगळं शांत होतं. आवाज आला नाही. मी मुद्दाम कान देऊन थांबलो होतो, इतका की त्यालाच मला वर ओढावं लागलं. दुसऱ्यांदा.

षोडशीला मी त्याला घेऊन आलो. तो यायला तयार नव्हता. शेवटी झोपडीवरचं सगळ्यांत मोठं कोहळं तोडून खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, रिकाम्या हातानं नाही येत. मठात आल्यावर त्यानं कोणाला काही विचारलं नाही. महाराजांची विळी पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेली होती, सोळा दिवस तिला कोणी हात लावला नव्हता. त्यानं ती घेतली, अंगणात बसला आणि डाव्या हातानं कोहळं कापू लागला. उजव्या हाताची तीन ताठ बोटं कोहळं दाबून धरत होती. दोन-तीन जण त्याला हटकायला पुढे झाले. मी अडवलं.

मग माझी पाळी आली. मास्तर वही उघडून बसले, रंगारीही आला होता. मी सुरुवात केली. छत्रीपासून. छत्री ऐकून लोक चुळबुळले, गोष्टीत छत्री कधी नव्हती. डोंगेवाल्याला दिलेला दम सांगितला. चावा सांगितला. मग मी काठावर डोळे उघडले. आणि थांबलो.

डाव्या बाजूनं प्रश्न आला, नेहमीसारखा, खाली बघून विचारलेला.

"तो तिथे बसला आहे," मी म्हणालो, "कोहळं कापून राहिला."

पुढे काय झालं ते गोष्टीत शोभेल असं नाही. काही जण माझ्यावर संतापले. एका म्हाताऱ्या बाईनं पुढे होऊन डोंगेवाल्याच्या पायांवर डोकं ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा तो घाबरून विळीसकट मागे सरकला आणि खाली बसून राहिला, महाराज बसत तसाच. मास्तरांनी मला बाजूला घेऊन समजावलं की महाराजांनीच त्याचं रूप घेतलं होतं असं लिहिलं तर दोन्ही गोष्टी राहतात. सुबक तोड होती. आदल्या महिन्यापर्यंत मी ती टाळ्या वाजवून घेतली असती. मी म्हणालो, नको. बोटं याची गेली आहेत. रूप घेतलेल्याची बोटं जात नाहीत. आणि महाराजांचं मोठेपण लिहायचंच असेल तर कामठीच्या दवाखान्यातली ती मांडी लिहा. नागपूर ते कन्हानची वाट लिहा, दहा वेळा जाऊन येऊन. मास्तरांनी वही मिटली. मी माझा अनुभव अर्जाच्या कागदावर स्वतः लिहून त्यांच्या हवाली केला, शेवटच्या ओळीसकट. ती ओळ लिहायला त्या दिवशी मला फार वेळ लागला.

पोथीत तो अध्याय आला नाही. भिंतीवरचं चित्रही झालं नाही. भिंत चुन्यानं रंगवलेली कोरीच आहे. नवे भक्त तिच्याकडे पाठ करून बसतात, मला मात्र त्या पांढऱ्यात पाणी दिसतं. डाव्या हाताची माझी जागा गेली, आता मी दाराजवळ बसतो, जोड्यांशेजारी. वाऱ्याची झुळूक तिथेच चांगली येते.

आवाज गेला असेल असं तुम्हाला वाटत असेल. मलाही वाटलं होतं. गेला नाही. फक्त आता तो अडून राहत नाही, मी उत्तर देतो. रस्त्यानं जाताना, नळावर, कडुनिंबाखाली. बरा आहे, म्हणतो. औंदा डांगरं चांगली झाली, म्हणतो. कचेरीतले कारकून एकमेकांना खुणा करतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी कन्हानला जातो. पायीच, पुलावरून. तो दारात बसलेला असतो, आम्ही कोहळं कापतो आणि फारसं बोलत नाही. महाराज जिथे बसत ती जागा त्यानं मोकळी ठेवली आहे, तिथे मीही बसत नाही. मागल्या खेपेला त्यानं पाणी देता देता विचारलं, दात अजून सगळे आहेत का.

मी म्हणालो, समोरचे दोन पडले.

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि माझ्यासाठी कोहळ्याच्या फोडी जरा बारीक केल्या.